मास्तर गप्प बसायचे

मोठीचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांची नजर पार गेली. बाहेर कळलं असतं तर शिकवण्या सुटल्या असत्या आणि चूल विझली असती. म्हणून ह्यांनी रीतच बदलली. मुलांनी गणित मोठ्याने वाचायचं. उत्तर बरोबर असलं की हे "पुढे" म्हणायचे, चुकलं की गप्प बसायचे. "मास्तर वहीत डोकावतसुद्धा नाहीत, काय डोकं आहे," असं पालक म्हणायचे. मी आत जीव मुठीत धरून ऐकायचे.

एका गुरुवारी साडेपाचला शिंपीकाकांची मुलगी एकटीच आली. दोनदा नापास झालेली, दुसऱ्या दिवशी पेपर. तिने गणित वाचलं, हे गप्प. चार वेळा नव्याने सोडवलं, तरी गप्प.

"मास्तर, आता तरी पुढे म्हणा ना. नापास झाले तर बाबा शिवणाला बसवतील."

मी आतून म्हटलं, "रडू नकोस गं. चुकल्याशिवाय ते गप्प बसत नाहीत. नीट बघ."

सहाला मी चहा घेऊन बाहेर आले. त्या धावपळीत तिची वही आमच्याकडेच राहिली. साठीत मी अक्षरं, गणित शिकले, तेव्हा ती उघडून पाहिली.



तिचं पहिलंच उत्तर बरोबर होतं. मास्तर गेले ते त्याच गुरुवारी, साडेपाचला, ती ते पहिल्यांदा वाचत असताना.