हरकतींचा गठ्ठा

साहेबांनी पडद्यावरच्या शहरातून एक रुंद रस्ता आखला आणि माउसवरचा हात काढून घेतला. जुन्या वस्तीतली चाळीस घरं लाल झाली, पण पडली नाहीत.

"अडलं कुठे?" त्यांनी विचारलं.

"हेच तर नवीन आहे, बाबा," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "आधीच्या खेळात रेघ मारली की घरं गायब व्हायची. आता आधी लोकांच्या हरकती मागवायच्या, मग नगरसेवकांचं मतदान. आणि ज्यांना उठवाल ते शहर सोडून जात नाहीत. सगळं लक्षात ठेवतात आणि निवडणुकीत उट्टं काढतात."

"बरं झालं, मी खेळात नोकरी केली नाही," साहेब म्हणाले.

खेळ पुढच्या महिन्यात बाजारात यायचा होता. त्यातले नागरिक काय बोलतात, काय लिहितात, ते ठरवणं हे लेकीचं काम. साहेबांनी तीस वर्षं खऱ्याखुऱ्या शहराचे रस्ते आखले होते, म्हणून कंपनीने त्यांना आठवडाभर चुका काढायला बोलावलं होतं. दारावरच्या रखवालदारापासून मालकापर्यंत सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. चुकाही त्यांनी खंडीभर काढल्या. शिक्का डावीकडे नसतो, उजवीकडे असतो. नगरसेवक असा फुकटात फुटत नाही, आधी बागेला वडिलांचं नाव मागतो. पोरं हसायची आणि लिहून घ्यायची.

"संध्याकाळी आत्याकडे जाऊ या?" लेकीने पडद्याकडे बघतच विचारलं. "डॉक्टर म्हणाले, फार तर दोन-चार दिवस."

"नाही."

"मधूनमधून डोळे उघडते ती."

"तोंड तिने फिरवलं होतं, मी नाही."

आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्यांना वाढवलं. छपरातल्या काचेखाली ती शिवणयंत्र चालवायची आणि तिच्या पायाशी बसून हा अभ्यास करायचा. वाचनाचं वेड असं, की दाण्यांच्या पुडीचा कागदसुद्धा पालथा करून वाचल्याशिवाय टाकायचा नाही. ताई ते शेजारणींना कौतुकाने सांगायची. पुढे हा साहेब झाला आणि त्याचाच रस्ता ताईच्या गल्लीतून गेला. ताईने यंत्र हातगाडीवर चढवलं, निघून गेली, आणि सव्वीस वर्षं भावाशी एक शब्द बोलली नाही.

"एक ओळ लिहायची होती तिने," साहेब म्हणाले. हे ते सव्वीस वर्षं म्हणत आले होते. "हरकतींना महिनाभर मुदत होती. रस्ता चार हात सरकवला असता मी. पण नाही लिहिली. ताठा! मला गुन्हेगार ठरवायचं होतं ना."

साहेबांना ताईची आठवण यायची. शर्टाचं बटण तुटलं की हमखास यायची, आणि मग तिचा दुप्पट राग यायचा.

पडद्यावर सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा आला. खाली दोन बटणं होती: 'सगळ्या फेटाळा' आणि 'गाठ सोडा'. साहेबांनी सवयीने पहिल्या बटणाकडे बाण नेला.

"न वाचताच?" लेकीने विचारलं.

"वरच्या दोन-तीन वाचायच्या. शितावरून भाताची परीक्षा. मग गठ्ठ्यावर एकच शेरा मारायचा, 'हरकतींत तथ्य आढळले नाही.' सगळ्या वाचत बसलो असतो तर एक रस्ता झाला नसता."

"तुमच्या ट्रंकेतले गठ्ठे असेच होते. गाठी कुणी कधी सोडलेल्याच नव्हत्या. कात्रीने कापाव्या लागल्या मला."

कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा रद्दीत निघालेले कागद साहेबांनी ट्रंकेत भरून घरी आणले होते. शिक्के कसे असतात, शेरे कुठे मारतात, ते बघायला लेकीने ती ट्रंक मागितली होती. घेऊन जा, माळा तरी मोकळा होईल, असं ते म्हणाले होते.

"आज गाठ सोडा ना, बाबा."

तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. या थंड खोल्यांत दिवसभर बसल्यावर दुसरं काय होणार, असं मनाशी म्हणत साहेबांनी दुसरं बटण दाबलं.

पहिल्या नागरिकाची हरकत रस्त्याला नव्हतीच, शेजाऱ्याच्या कुत्र्याला होती. दुसऱ्याचं म्हणणं होतं की रस्ता जरूर करावा, फक्त माझ्याऐवजी माझ्या मेहुण्याच्या घरावरून न्यावा. साहेब खो खो हसले.

"हे मात्र अस्सल लिहिलंयस हं! अगदी अशीच असतात माणसं."

"मी नाही लिहिलं," लेक म्हणाली. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "नावं काढून आकडे घातलेत फक्त. पुढे वाचा."

साहेब पुढे वाचत गेले. अकरावा अर्ज नागरिक क्रमांक चारशे सतराचा होता.

'महोदय, मी शिवणकाम करते. माझ्या छपराला एक काच आहे. तिच्या उजेडात यंत्र चालवून मी धाकट्या भावाला शिकवलं. रस्ता चार हात पलीकडे सरकला तर तेवढी काच वाचेल, पुढची भिंत गेली तरी चालेल. भाऊ तुमच्याच कार्यालयात आहे, पण मी त्याच्यापाशी शब्द टाकणार नाही. उद्या लोकांनी त्याला नावं ठेवायला नकोत. म्हणून सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहून अर्ज देते आहे. त्याच्यापर्यंत तो पोचेल याची मला काळजी नाही. हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो खाली ठेवत नाही.'