काय म्हणतोय तो?

"तो म्हणतोय, घर विकायचं नाही म्हणजे नाही," घड्याळजी ओरडून सांगत होते. ओरडून अशासाठी, की ते जाडजूड हेडफोन कानांवर चढवले की त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे. "आणि ती रडतेय."

रडतेय ते बाईंना दिसतच होतं. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर बोट टेकवलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, बोलतेय काय?

"थांब जरा. ऐकू तर दे मला."

दुपार होती. पडदा ओढलेला, खोलीत निळसर उजेड, आणि टीव्ही अगदी मुका. त्यातली माणसं पाण्याखाली बसल्यासारखी ओठ हलवत होती, आणि त्या सगळ्यांचा आवाज एकट्या घड्याळजींच्या तोंडून येत होता. नायक, नायिका, खडूस सासरा, पोलीस, सगळे त्याच घोगऱ्या आवाजात. बाई अर्धवट डोळे मिटून ऐकत होत्या. जाग्या आहोत की झोपेत, याचीही त्यांना फारशी फिकीर नव्हती.

या माणसाने जन्मभर तोंड मिटून घड्याळं दुरुस्त केलेली. डोळ्याला भिंग, चिमट्यात मोहरीहून बारीक स्क्रू, आणि ओठ उघडले की श्वासाने तो उडून जायचा. ती सवय दुकानातून घरी आली ती कायमचीच. जेवताना "हं", झोपताना "हं". आता मात्र रोज दुपारी बोलणं नुसतं वाहत होतं. वाक्यं दुसऱ्यांची का असेनात, सांगायची तर बाईंनाच होती. सुख म्हणतात ते हेच, असं बाईंना वाटे, आणि कुणाची दृष्ट लागायला नको म्हणून त्या गप्प बसत.

दाराचं कुलूप फिरलं आणि लेक आत आली. हेडफोन तिनेच आणलेले. बाबांना कमी ऐकू येई म्हणून वाढवलेल्या टीव्हीच्या आवाजाने पलीकडचे लोक भिंत ठोकायला लागले, तेव्हा तिने येऊन ते बसवले, बाबांच्या कानांवर चढवले, बाबांचा चेहरा खुलला तसं तिलाही बरं वाटलं आणि ती ड्यूटीवर पळाली. आज निवांत आली होती. दारातच थबकली.

"आई, टीव्हीला आवाजच नाहीये."

"असू दे गं. ह्यांना येतंय ना ऐकू."

"आणि तू? इतके दिवस नुसती चित्रं बघतेस? अगं, मला सांगायचंस तरी." लेक आत येऊन टीव्हीपुढे उभी राहिली. "कमाल आहे माझी. बाबांचं करताना तुझा टीव्हीच बंद करून गेले."

"तसं काही नाही. तू बस आधी. चहा टाकते."

"चहा राहू दे." लेक रिमोट घेऊन जमिनीवर बसली. पडद्यावर एकेक यादी उघडू लागली, मिटू लागली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. काहीतरी बोलायला हवं होतं, पण म्हणणार काय? तुझ्या बापाचं बोलणं बंद पडेल म्हणून? पोटच्या पोरीपुढेही असलं काही बोलवेना.

"हे बघ, सापडलं. हेडफोन आणि स्पीकर, दोन्ही एकदम चालू. एवढंसं तर होतं."

आणि खोलीत आवाज आला. रडणारी नायिका एकदम रडायलाच लागली. लेकीने बाबांच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि ओरडून सांगितलं, "बाबा, आता आईलाही ऐकू येतंय. तुम्हाला सांगत बसायला नको."

"हं," घड्याळजी म्हणाले.

झालं. ओठ मिटले. टीव्हीतली माणसं बोलत राहिली, स्वच्छ, सफाईदार, ज्याच्या त्याच्या वेगळ्या आवाजात. कालपर्यंत घरातल्यासारखी वाटणारी ती माणसं बाईंना आता ओळखूच येईनात. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता, हाताच्या अंतरावर. बाईंना भयंकर एकटं वाटलं.

त्यांनी कानामागे तळवा धरला आणि नवऱ्याकडे झुकल्या. "काय म्हणतेय ती?"

"आई, एवढा मोठा तर आहे आवाज," लेक म्हणाली.

"मला नाही बाई ऐकू येत."

"म्हणजे तुलाही?" लेक घाबरलीच. "कधीपासून?"

"आत्तापासून," बाई म्हणाल्या.

लेक बघत राहिली. आईच्या कानामागचा तो तळवा, आणि तो हलतच नव्हता. मग तिने रिमोट हळूच खाली ठेवला. "चहा मीच टाकते," म्हणाली आणि आत गेली.

पडद्यावरचं रडणं संपलं होतं. आता एक रुंद नदी दिसत होती, एक रिकामी होडी, आणि कुठूनतरी बासरी. चिटपाखरू नव्हतं. घड्याळजी बायकोच्या त्या कानाकडे बघत होते. मग त्यांनी आपली खुर्ची सरकवली, अगदी जवळ.

"तो विचारतोय," ते म्हणाले, आणि या खेपेला ओरडले नाहीत, "दमलीस का?"

बाईंनी पडद्यावरच्या त्या एकट्या होडीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या कानावरचा हेडफोन जरासा बाजूला केला.

"त्याला म्हणावं, मुळीच नाही."