अंगाईच्या तारा

घरात पाळणा हलला त्याच आठवड्यात त्याने रेझोनेटर गिटार आणली, पोटात पत्र्याची थाळी असलेली. लेकीला अंगाई वाजवून झोपवायचं, एवढाच हट्ट. पण नवशिक्याने तारा कुठल्या लावाव्यात? बारीक लावल्या तर थाळी घुमत नाही, जाड लावल्या तर बोटं सोलतात. त्याने दुकानदारांना विचारलं, वादकांना गाठलं, निकेल की ब्राँझ या विचारात स्वतःचीच झोप घालवली.

“अहो, तुमचं चालू द्या निवांत,” बायको म्हणाली, “तोवर मीच गाते.”

अखेर मनासारख्या तारा मिळाल्या. त्या चढवून, सूर लावून तो ऐटीत पाळण्यापाशी बसला. पहिली तार छेडणार, तोच लेकीने त्याचा हात धरला.



“बाबा, हळू. माझं बाळ आत्ताच झोपलंय.”