दिवसाआड

आमच्या कुत्र्याच्या, ठिपक्याच्या ॲलर्जीवर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. खाज थांबली, पण तो बादलीभर पाणी प्यायचा आणि घरभर शू करत सुटायचा. मी बाळाला कडेवर घेऊन फरशी पुसायचे. चार दिवस माहेरी काय गेले, नवऱ्याने गोळ्याच बंद करून टाकल्या.

"दिवसातून सहा सहा वेळा कोण पुसणार? वैताग नुसता!"

मी परतले तेव्हा ठिपक्या दारामागे निपचित पडला होता. जेमतेम वाचला.

डॉक्टरांनी नवऱ्याला चांगलंच झापलं. "अहो साहेब, शरीराला सवय झालेली असते. गोळी एकदम थांबवलीत तर जीव जाईल त्याचा. आधी अर्धी, मग दिवसाआड, मग बंद."

"मला काय माहीत," नवऱ्याने खांदे उडवले.

त्याच आठवड्यात मी त्याच्या शर्टांची इस्त्री सोडली. पुढच्या आठवड्यापासून त्याचा डबा दिवसाआड. कालपासून सकाळचा चहाही बंद.

"अगं, काय चाललंय काय तुझं?"



"तुला झेपावं म्हणून रे. एक तारखेला मी, बाळ आणि ठिपक्या कायमचे निघतोय."