भूर्जाची पानं

"पुन्हा भूर्जच?" रायवो म्हणाला. "सकाळपासून हे चौथं बन आहे, बाई."

हेल्वेने टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि ती चिखलातून पुढे चालू लागली. मागून सात पाहुणे पचपच करत येत होते.

किनाऱ्यावरच्या अतिथिगृहाने दाराशी फळा लावला होता. शरदात एस्टोनियाचा उत्तर किनारा पाहा. होडीतून सील बघा, धुरी दिलेला मासा खा, दलदलीतून फिरा, गावच्या हेल्वेबरोबर अळंबी वेचा. आखातावरून वारा सुटल्यामुळे होडी निघाली नव्हती. सील बघायला आलेलेही मग अळंबीला आले आणि तेव्हापासून हेल्वेवर धुसफुसत होते, जसा काही वारा तिनेच आणला होता.

"मघाशी पाइनखाली पिवळी अळंबी होती," रायवो म्हणाला. "तिथे का नाही थांबलो?"

"लहान होती."

"अळंबीच ती. टरबुजं शोधतोय का आपण?"

मागचे हसले. हेल्वेने दात आवळले. राजधानीतल्या, तालिनच्या कचेरीतला माणूस, नवे कोरे बूट घालून आलेला, आणि हा तिला रान शिकवणार.

पण तिचा खरा राग रायवोवर नव्हता. तो एंडेलवर होता, आणि एंडेलला, तिच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

शरद लागला की दर शनिवारी एंडेल सायकल काढून रानवाटेने जायचा आणि दोन तासांत ही झाकणाची टोपली पिवळ्या अळंब्यांनी भरून आणायचा. गावात कुणाला इतकी मिळत नसत. तसा तो शहरातला. लग्नाआधी हेल्वेच्या आईने नाक मुरडलं होतं. ज्याला अळंबीची एक जागा ठाऊक नाही, त्याला पोरगी काय म्हणून द्यायची? पुढच्या शनिवारी तो भरली टोपली घेऊन दारात उभा राहिला. आईचं तोंड कायमचं बंद झालं.

जागा कुठली, हे हेल्वेने कधी विचारलं नाही. या किनाऱ्यावर ते विचारायचं नसतं. नवऱ्यालाही नाही, पोटच्या पोरालाही नाही. माणूस जाताना एकाला सांगून जातो, एवढंच. एंडेलच्या उशाशी ती तीन दिवस बसून होती. तो छताकडे बघत राहिला, एकदा तिच्याकडे बघून हसला, आणि काही न सांगता गेला. चाळीस वर्षं संसार केला आणि शेवटी परकी ठरवलं.

तिच्यापाशी खूण एकच होती. त्याच्या अळंब्यांत नेहमी भूर्जाची पानं असत. गावाभोवतीचं रान पाइनचं, भूर्जाची बनं मोजकी. सहा वर्षं ती एकेक बन धुंडाळत होती. आता एकच उरलं होतं. हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यानंतर रान विसरा.

"ही टोपली कुणी विणली?" शेजारून आवाज आला.

रायवोची आत्या, लेइदा. ऐंशीच्या घरातली, महामार्गापलीकडच्या गावातली. सकाळपासून ती हेल्वेच्या कोपराला चिकटून चालत होती.

"नवऱ्याने."

"कडीला निळा रंगही त्यानेच दिला?"

"नाही. देवदूत येऊन देऊन गेले."

लेइदा हसली नाही. टोपलीवरून तिची नजर हटेना. मेली अळंब्यांत वाटा मागणार शेवटी, हेल्वेला वाटलं.

"आत्यालाच विचारा ना अळंबी कुठे मिळतात," रायवो म्हणाला. "जन्म गेला तिचा वेचण्यात."

"मग इथे कशाला आलात?" हेल्वे म्हणाली.

"मला सील बघायचे होते," लेइदा म्हणाली.

शेवटचं बन ओढ्याच्या वळणावर होतं. पंधरावीस झाडं, खाली पिवळ्या पानांचा थर. हेल्वेने काठीने पानं उलथली. काही नव्हतं. दुसऱ्या झाडाखाली नव्हतं, तिसऱ्याखाली नव्हतं. मग ती गुडघे टेकून हातांनीच उकरू लागली.

"अहो, इथे काही नाही," रायवो म्हणाला. "पाइनमध्ये चला ना परत. कसला हा भूर्जाचा हट्ट?"

"माझ्या नवऱ्याची जागा भूर्जात होती," हेल्वे मान वर न करता म्हणाली. "त्याच्या टोपलीत पानं असायची. कळलं? आता जा. जिथे जायचं तिथे जा."

लेइदाने भाच्याचा दंड धरला. "सगळ्यांना घेऊन वाटेवर थांब," ती म्हणाली. "आम्ही येतो."

पावलं लांब गेली. हेल्वे उकरतच होती. नखांत चिखल भरला होता.

"उठा," लेइदा म्हणाली. "गुडघा घालवून बसाल."

"इथेच असणार. दुसरं बनच नाही राहिलं."

"इथे नाही." लेइदा कष्टाने तिच्या शेजारी खाली बसली. "मी तुमच्या नवऱ्याला शब्द दिला होता. पण तुमचं हे बघवत नाही. महामार्गावरच्या बसथांब्याशी मी शनिवारी अळंब्यांची बादली घेऊन विकायला बसायचे. आमच्याकडचं रान सगळं भूर्जाचं. तो सायकल टेकवायचा आणि ही टोपली पुढे करायचा."

हेल्वेचे हात पानांतच राहिले.

"मी पानं निवडून काढायला लागले की थांबवायचा मला. म्हणायचा, राहू द्या ती. पानं असली म्हणजे घरी बायकोला खरं वाटतं."