पटाची जोडी

बहिरमच्या जत्रेत राहुटी ठोकून आठ दिवस राहायचं आणि तिथं येणाऱ्या मायला भेटायचं, एवढंच गोदाबाईचं मागणं होतं. पण तिच्या नवऱ्याला, खुशालरावांना, जायला दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, पसंत पडली की बैल पसंत पडत नसत, आणि मनासारखी जोडी सापडेपर्यंत जत्रा उठलेली असे. अशी सहा वर्षं गेली.

यंदा मायचा निरोप आला, "पोरी, डोळे गेले माये. पुढच्या जत्रेले काही मी येत नाही." खुशालराव इरेला पेटले. त्यांनी मऊ गादीची दमणी आणली, आणि तिला शंकरपटाच्या शर्यतीत साहेबाच्या हातून फेटा मिळवलेली जोडी.

"अवो, पटाचे बैल काहून घेतले?" गोदाबाईनं विचारलं.

"तुले दुपारच्या आत मायजवळ नेऊन सोडतो!"

घराला कुलूप लागलं. भांडी, राहुटी, लेकरं दमणीत चढली. हाक देताच बैल वाऱ्यासारखे सुटले, पटाच्या अंतराएवढे धावले आणि थांबले. मग शिकवल्याप्रमाणे वळले आणि रमतगमत पुन्हा दारात, निघाल्या जागी येऊन उभे राहिले. दहादा हाकललं, दहादा तेच झालं. गावातले बाकीचे बैल तर केव्हाच बहिरमच्या वाटेला लागले होते.

जत्रेला निघालेल्या माणसानं अर्ध्यातून घरात शिरू नये, म्हणून दिवस बुडता बुडता खुशालरावांनी तिथंच राहुटी ठोकली.



आत चूल पेटवताना गोदाबाईला समोर आपल्याच घराचं कुलूप दिसत होतं.