खासनिसांचा शांतपणा

ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून शिवी घातली, तरी खासनिसांची सायकल डगमगली नाही. कडेला होत ते गोड आवाजात म्हणाले, "जा बाबा, जा."

घरातून निघताना मात्र ते "येतो" म्हणत. "जातो" म्हटलं की माणूस परतत नाही, असं बायको बजावायची.

पुढच्या वळणावर तो ट्रक उलटलेला दिसला. गेल्या आठवड्यात अशीच एक जीप दिसली होती. खासनीस कधी चिडत नसत. चिडायची गरजच पडत नसे.

पुन्हा मागून हॉर्न वाजला. "जा बाबा, जा," सवयीनं तोंडून निघून गेलं.

कारमधून लेक खिदळली, "दचकलात ना, बाबा?" आणि भरधाव पुढे गेली.

खासनीस जन्मात प्रथमच उभं राहून पेडल मारू लागले. "ये गं, ये!"

पुढच्या वळणापलीकडे तिचा हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.